काकांची जीप किती उंच?



या आठवड्याला एकच पत्र घेतलंय. पत्र आहे आर्णी तालुक्यातल्या सातवीतल्या एका मुलीचं. ती लिहिते की त्यांच्याकडे एक जुनी जीप आहे. वावरापासून डांबरी सडकेपर्यंतचा दोन किलोमीटरचा पांदण रस्ता पावसाळ्यात असा होतो, की जीप दर आठवड्याला फसते. म्हणून काकांनी ठरवलंय, जीप चार इंच उंच करून घ्यायची. त्यासाठी लिफ्ट किट नावाचा सामानाचा एक संचच मिळतो म्हणे! पैसे यंदाच्या कापसातून द्यायचे. बाबा म्हणतात, जीप उंच केली तर उलटेल. काका म्हणतात, उंच केली तर नाल्यातूनसुद्धा निघेल. घरात दोन तट पडलेत. आजी काकांच्या बाजूने, आई बाबांच्या. आणि आमच्या या मैत्रिणीला विचारायचंय, बरोबर कोण?

छान! भांडण मोठ्यांचं आणि निकाल द्यायचा आपण. पण निकाल द्यायच्या आधी जीपच्या खाली वाकून बघावं लागेल. चला तर.

आधी एक सांगा. आपल्या भागातली जुनी लाकडी चाकांची बंडी चिखलातून कशी निघते? तिला इंजिन नाही, स्प्रिंग नाही, काही नाही. बैलांची ताकद आहे, हे खरं. पण आणखी एक गंमत आहे. बंडीचं चाक केवढं मोठं असतं! समजा ते १२० सेंटिमीटर उंच आहे. मग त्याचा आस जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचावर आला. चाकं निम्मी चिखलात रुतली तरच आस चिखलाला टेकणार. आता जीपचं चाक बघा. ते साधारण ७० सेंटिमीटर. म्हणजे आसाचा मध्य ३५ सेंटिमीटरवर. त्यातून त्या आसाच्या मधोमध लोखंडी भोपळ्यासारखा एक फुगलेला भाग असतो, त्याच्या पोटात दातेरी चक्रं असतात. त्याला डिफरन्शियल म्हणतात. तो भोपळा खाली लोंबतो. तेव्हा जमीन आणि भोपळा यांच्यामध्ये उरते वीतभर जागा. टिपेश्वरच्या अभयारण्यात फिरायला गेला असाल तर जिप्सी बघितली असेल. कारखान्याच्या हिशेबाने तिच्याखाली २१० मिलिमीटर जागा असते. म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या १५ सेंटिमीटरच्या पट्टीहून थोडी जास्त, बस्स!

पांदण रस्त्यावर बंड्या जाऊन जाऊन दोन खोल चाकोऱ्या पडतात. मध्ये उंचवटा राहतो. आपली काळी माती तर विचारूच नका. पाणी पडलं की फुगते, चाकाला लिंपून बसते, आणि सुकली की दगड. जीपची चाकं त्या चाकोरीत उतरली, की मधला भोपळा उंचवट्याला टेकतो. चाकं गरगर फिरतात, जीप तिथेच. तुमच्या घरची जीप फसली तर पुढच्या वेळी वाकून बघा, बहुतेक असंच झालेलं असेल.

आता काकांचा उपाय तपासू. नीट लक्ष द्या हं, कारण इथेच बहुतेक मोठी माणसंसुद्धा गोंधळतात.

जीपचा सांगाडा म्हणजे चासी, त्यावर बॉडी. खाली दोन आस आणि चार चाकं. या दोघांच्या मध्ये असतात स्प्रिंगा. जुन्या जीपला आणि जिप्सीला पोलादी पट्ट्यांची जुडी असते, मधे वाकलेली, धनुष्यासारखी. गॅरेजमध्ये तिला कमानपाटे किंवा नुसतं पाटे म्हणतात. टांग्यालाही असेच पाटे असायचे, आजोबांना विचारा. अमेरिकेच्या सैन्यासाठी १९४१ मध्ये विलीज जीप तयार झाली, तिलाही चारही बाजूंनी पाटेच होते. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनी मुंबईत जीपगाड्या जोडू लागली, तेव्हापासून ते आपल्याकडे आले. २०२० सालच्या नव्या थारला मात्र पाटे नाहीत, वेटोळ्याच्या स्प्रिंगा आहेत. पण आपल्या मैत्रिणीची जीप जुनी आहे, तेव्हा आपण पाट्यांचंच बघू.

लिफ्ट किट काय करतो? तो पाटे जास्त कमानीचे करतो. कमान वाढली की चासी वर जाते. बरोबर? पण आस कुठे जातो? कुठेच नाही! आस चाकाला जोडलेला, चाक जमिनीवर. चासी चार इंच वर गेली तरी तो लोखंडी भोपळा होता तिथेच, वीतभर उंचीवर. चाकोरीतला उंचवटा त्याला पहिल्यासारखाच टेकणार!

मग भोपळा वर कसा न्यायचा? फक्त मोठ्या चाकाने. बंडीसारखं. आणि चाक किती मोठं केलं तर किती फायदा, हे तुम्हाला वहीत काढता येतं. टायरवर आकडे लिहिलेले असतात. जिप्सीच्या टायरवर बहुधा २०५/७० आर १५ असं असतं. २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के. १५ म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचा व्यास, तो मात्र इंचांत. (एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! परीक्षेत तुम्ही असं लिहिलं तर मी गुण कापीन.) आता करा हिशेब. २०५ चे ७० टक्के १४३.५. वरची भिंत आणि खालची भिंत मिळून २८७. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज ६६८ मिलिमीटर. हे झालं पूर्ण चाक. आता त्याऐवजी २१५/७५ आर १५ टायर घातला तर? काढून बघा. उत्तर ७०३.५ यायला हवं. चाक साडेपस्तीस मिलिमीटरने मोठं झालं. पण आस चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून तो वर जाणार याच्या निम्मा, म्हणजे १८ मिलिमीटरच्याही आत. दोन सेंटिमीटरही नाही!

तुम्ही म्हणाल, मग लिफ्ट किट लोक घेतात तरी कशाला? त्याची तीन कारणं आहेत. मोठं चाक बसवायचं तर ते वळताना किंवा खड्ड्यात वर उचललं जाताना मडगार्डला घासतं. चासी वर गेली की त्याला जागा मिळते. दुसरं, नाल्याचा काठ चढताना जीपचं नाक टेकतं, उतरल्यावर शेपटी टेकते. ती वर जातात. तिसरं, बांध ओलांडताना पोट टेकतं, तेही वर जातं. हे शेवटचं घरी करून बघा. पुठ्ठ्याची एक लांब पट्टी घ्या, दोन टोकांना दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची चाकं लावा आणि कंपासपेटी आडवी ठेवून तिच्यावरून न्या. पोट टेकलं की पट्टी थोडी उंच लावून पुन्हा न्या. मग चाकं जवळ आणून बघा. दोन्ही वेळा गाडी जास्त सहज जाईल. जीप आखूड का असते, ते कळलं?

म्हणजे किट खोटा नाही. फक्त तो काकांना वाटतं त्या दुखण्याचं औषध नाही. आणि प्रत्येक औषधाला त्याचं पथ्य असतं. तेही बघू.

बाबांचं म्हणणं होतं, जीप उलटेल. शाळेत खडूची रिकामी पेटी असते ना, ती मागून आणा. पाटीवर किंवा फळीवर जुना खरखरीत गोणपाट ठेवा म्हणजे पेटी घसरणार नाही. त्यावर पेटी आडवी ठेवा, फळी एका बाजूने हळूहळू उचला आणि पेटी कुठे कलंडते ते कोनमापकाने मोजा. मग तीच पेटी उभी करून ठेवा. पेटी तीच, वजन तेच, पण आता किती लवकर कलंडली!

वस्तूचं सगळं वजन जणू एका बिंदूत गोळा झालंय असं मानतात. त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. तो बिंदू चाकांच्या मधल्या जागेवर आहे तोवर गाडी उभी. तो चाकाच्या बाहेर गेला की गाडी आडवी. आलेख कागदावर काढू या. समजा डाव्या आणि उजव्या चाकांमध्ये १३० सेंटिमीटर अंतर आहे, म्हणजे मधोमधपासून एका चाकापर्यंत ६५. आणि गुरुत्वमध्यही जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच. कागदावर ६.५ सेंटिमीटर उभी रेघ काढा, तिच्या खालच्या टोकापासून ६.५ आडवी, आणि दोन्ही टोकं जोडा. वरच्या टोकाशी कोन मोजा. ४५ अंश. म्हणजे इतका उतार आला की गाडी कलंडायच्या बेतात. आता चार इंच किट आणि मोठे टायर लावून गुरुत्वमध्य आठ सेंटिमीटर वर गेला असं धरू. उभी रेघ ७.३ काढा. कोन येईल ४२ च्या आत. आणि गाडीच्या टपावर कापसाची गाठोडी बांधली, बाजूच्या पायरीवर माणसं उभी राहिली, म्हणून बिंदू ८५ वर गेला असं समजा. उभी रेघ ८.५. कोन ३७ च्या जवळपास. हे सगळं गाडी उभी असताना! वळणावर वेगात असली तर याच्या कितीतरी आधी खेळ खलास. शिवाय पाटे एका बाजूने दबतात, गाडी त्याच बाजूला आणखी झुकते.

तेव्हा बाबा अगदी चूक नाहीत. पण नुसत्या किटने जेवढा बिंदू वर गेला, त्याहून जास्त तो टपावरच्या ओझ्याने गेला, हेही कागदच सांगतो आहे. बाबांना हे दाखवा. त्यांची जीप आजही टपावर भरून जात असेल तर?

आता नाल्याचं. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून मोठ्यांनीही वाचावं.

२८ सप्टेंबर २०२१ ची सकाळ. उमरखेड तालुक्यात दहागावजवळ नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं. नागपूर–नांदेड मार्गावरची एसटी बस त्या पाण्यात घातली गेली आणि वाहून गेली. माणसं दगावली. आपल्या जिल्ह्यातली ही गोष्ट, तुमच्यापैकी काहींनी तेव्हा घरी ऐकलीही असेल. एसटी किती उंच असते, किती जड असते, ते तुम्हाला रोज दिसतं. जीप तिच्यापुढे लहान पोर.

असं का होतं? पाण्यात बादली उपडी दाबून बघा, ती वर ढकलते. जीपचंही तसंच. तिचं खालचं पोट समजा साडेतीन मीटर लांब आणि एक पूर्णांक चार मीटर रुंद आहे. गुणाकार ४.९ चौरस मीटर. पोटाच्या वर १० सेंटिमीटर पाणी चढलं की तिने ०.४९ घनमीटर पाणी बाजूला सारलं. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलो. म्हणजे पाण्याने जीपला खालून सुमारे ४९० किलोने उचललं! २० सेंटिमीटर पाणी चढलं तर ९८० किलोने. आणि जिप्सीसारख्या गाडीचं वजनच टनाच्या आसपास. पाणी आत शिरेपर्यंत ती जवळजवळ तरंगते. चाकं जमिनीला धरत नाहीत. मग बाजूने येणारा लोंढा तिला काडीसारखी ढकलतो, आणि लोंढ्याचा वेग दुप्पट झाला तर ढकलण्याचा जोर चौपट होतो. चार इंच किटने काय मिळालं? पाणी १० सेंटिमीटर उशिरा पोटाला लागेल. पावसाळी नाल्याला तेवढं चढायला किती वेळ लागतो, ते नाल्याकाठच्या मुलांना मी काय सांगावं! काकांना इथे माझ्यातर्फे स्पष्ट सांगा, वाहत्या नाल्यासाठी कुठलाही किट नसतो. थांबायचं, नाहीतर माघारी फिरायचं.

हो, आणि कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. नोंदणीच्या कागदात गाडी जशी लिहिली आहे, कारखान्याने जशी घडवली आहे, तिच्यात मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. तेव्हा एमएच २९ च्या पाटीची जीप असेल तर यवतमाळच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारावं, मग पैसे काढावे. दुकानदार 'सगळे करतात हो' असं म्हणेल. दंड भरायला तो येणार नाही. गोव्यात २०१४ पासून भर पावसात जंगलातल्या जीपगाड्यांची रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा सुरू झाली, तिच्यातल्या उंच उंच गाड्यांचे फोटो काकांनी बघितले असतील. पण त्या गाड्या शर्यतीसाठी तयार केलेल्या, सोबत मदतीला माणसं, चिखलातून ओढून काढायला विंच. त्यांच्यावर कापूस न्यायचा नसतो आणि शाळेची पोरंही न्यायची नसतात.

मग काकांनी काय करावं?

मोजावं! आणि मोजायचं काम तुमचं. जीप सपाट जागी उभी करा, शाळेचं पटांगण चालेल. आईची शिवणाची टेप घ्या. प्रत्येक चाकाच्या मधल्या टोपीपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजून वहीत लिहा. रिकामी जीप, मग नेहमीचं ओझं आणि माणसं भरून. जुन्या जीपच्या बाबतीत बहुतेकदा काय दिसतं? एक बाजू दुसरीपेक्षा दोन सेंटिमीटर खाली, मागचे पाटे जवळजवळ सरळ झालेले. वीस वर्षं ओझं वाहून पाटे थकतात, त्यांची कमान जाते. तसं असलं तर जीपला उंच करायचं नाहीय, तिला तिची मूळची उंची परत द्यायचीय! कमानपाट्याचं काम करणारे कारागीर पाटे सोडवून, ठोकून पुन्हा कमान देतात, तुटलेला पाटा बदलतात. किंवा त्याच मापाचे नवे पाटे घेता येतात. यात नोंदणीच्या कागदाशी भांडण नाही आणि खर्चही किटपेक्षा कितीतरी कमी. एवढ्याने दीड-दोन इंच परत मिळाले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

माझं मत विचाराल तर मी आधी एवढंच करीन. त्यासोबत चिखलाचे खोल नक्षीचे, पण मूळ मापाचे टायर. आणि गाडीत एक फावडं आणि दोन मजबूत फळ्या. चाकोरीतला उंचवटा फावड्याने दहा मिनिटांत निघतो. गावाने मिळून पांदणीवर मुरूम टाकला तर सगळ्यांच्याच बंड्या सुटतील, पण ती ग्रामपंचायतीची गोष्ट.

तरीही कारागिराकडे गेल्यावर काकांना चार सल्ले मिळतील, ते ओळखता आले पाहिजेत. एक म्हणेल, सहावा पाटा घाला. इथे एक प्रयोग. पोलादी पट्टी टेबलाच्या कडेबाहेर धरा, टोकाला वजन लटकवा, किती वाकली ते मोजा. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून बघा, वाकणं निम्मं होतं. आता समजा दोन्ही पट्ट्या एकजीव करून दुप्पट जाड पट्टी केली, तर ती आठपट ताठ होते! म्हणून पाटे सुटे ठेवतात, एकच जाड पाटा करत नाहीत. पाचांत सहावा घातला तर जुडी अंदाजे वीस टक्के ताठ होते. सतत ओझं वाहणाऱ्या जीपला ते चालेल. पण रिकामी असताना ती अशी उसळेल की मागे बसलेल्या आजीचा पक्ष लगेच बदलेल.

दुसरा म्हणेल, शेकल लांब करा. पाट्याच्या एका टोकाला लोलकासारखी लोंबती पट्टी असते ती शेकल. ती एकाच टोकाला असते आणि आस मध्यावर, म्हणून शेकल चार सेंटिमीटर वाढवली तर उंची वाढते दोनच. आणि आसाचा कल बदलतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येण्याची सवय बिघडते. पुढच्या बाजूला तर नकोच. तिसरा म्हणेल, पाटे आसाच्या खाली आहेत ते वर घेऊ, एकदम चार-पाच इंच. हे मोठं कापाकापीचं, वेल्डिंगचं काम आहे आणि घरच्या गाडीसाठी नाही. चौथा सल्ला म्हणजे पाट्यांखाली ठोकळे. पुढच्या आसाखाली ठोकळा म्हणजे ब्रेक मारताच आस मुरडायला मोकळा. नाही म्हणायचं.

टिपेश्वरचा तो वाघ आठवतो? गळ्यात रेडिओ पट्टा होता, २०१९ मध्ये निघाला आणि तेराशे किलोमीटरांहून जास्त चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत नाले, वावरं, सडका सगळं आलं. त्याच्या चारी पायांचे पाटे देवाने बसवलेले! आपल्याला मात्र गॅरेजमध्ये जावं लागतं.

तर काम सुरू झालं की तुम्ही दूर, वही घेऊन उभं राहायचं. खाली वाकायचं नाही. मोठ्यांचं काय चाललंय ते बघा आणि खूण करत जा. जमीन सपाट आणि टणक आहे ना? दुसऱ्या टोकाच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले ना? चासी जॅकने उचलल्यावर तिच्याखाली पक्के स्टँड लावले ना? नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणीही, अगदी कुणीही जाता कामा नये. विटांवर तर नाहीच, वीट एका क्षणात फुटते. काका घाईत असले तर तुम्हीच ओरडा, मी परवानगी दिली आहे म्हणून सांगा.

मग आसाखाली दुसरा जॅक. चाक निघतं, शॉकअॅब्सॉर्बरचा खालचा नट निघतो, पाटे आणि आस एकत्र धरणारे यू बोल्ट निघतात. आस हळूहळू खाली घेतात. त्या वेळी ब्रेकच्या रबरी नळीकडे बघायचं. ती ताणली जात असेल तर लगेच थांबा म्हणायचं. नवे पाटे चढवताना मधल्या बोल्टचं डोकं आसाच्या खाचेत बरोबर बसलं पाहिजे, नाहीतर चाक तिरकं जाईल. यू बोल्ट नवेच घ्यावेत. जुने एकदा ताणलेले असतात. ते कर्णाच्या दिशेने, थोडे थोडे आवळतात, सायकलच्या आऱ्या सारख्या ताणाव्या लागतात तसे. पाट्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात, त्यांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पाट्यांवर आल्यानंतरच पक्के करायचे. हवेत आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि वर्षाच्या आत फाटतं. ही बारकी गोष्ट अनेकजण विसरतात, म्हणून वहीत तिच्याखाली दोन रेघा मारा.

उंची खरोखर वाढली असेल तर आणखी बघायचं. जुना शॉकअॅब्सॉर्बर आखूड पडतो का, चाक पूर्ण लोंबत असताना ब्रेकची नळी पुरते का, इंजिनाकडून आसाकडे फिरणारा लांब दांडा जास्त तिरका झाला का. दिव्यांचा झोतही बदलतो, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, तो खाली करून घ्यायचा. मोठे टायर घातले असतील तर वेगाचा काटा कमी दाखवतो. आपल्या वरच्या हिशेबातले टायर घेतले तर काटा ६० वर, खरा वेग ६३.

काम झालं की पटांगणावर पुन्हा टेप लावा आणि आकडे पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर यू बोल्ट परत आवळून घ्यायचे, आणि त्या दिवशी तिसऱ्यांदा मोजायचं. आकडे थोडे कमी भरले तर कारागिरावर रागावू नका. नवे पाटे ओझ्याखाली थोडे बसतातच. मात्र डाव्या-उजव्या बाजूत फरक निघाला, तर वही घेऊन त्याच्याकडे परत जा.